फायनलचा पालथा पत्ता

“सचिन, हात उचल! पत्त्यांना शिवू नकोस!”

माझा आवाज मुळातच मोठा. बायको म्हणते, तुम्ही मार्केट यार्डात लिलाव पुकारायला हवे होतात. त्या दिवशी मात्र तोच आवाज कामाला आला. पत्ते वाटणाऱ्या सचिनचा हात जागीच थांबला.

मी पोकरच्या स्पर्धांमध्ये टूर्नामेंट डायरेक्टर असतो. म्हणजे पंच. नातेवाईक अजून मला ‘जुगाराचा मॅनेजर’ म्हणतात. म्हणोत बापडे. आमच्या सिरीजमध्ये पैसा लागत नाही, चिप्स फक्त खेळापुरत्या. फायनल जिंकेल त्याला पुण्याच्या टीममधली उरलेली एकमेव जागा. फायनल होती नारायण पेठेतल्या एका मंगल कार्यालयात. मालकांनी किल्ली देतानाच बजावलं होतं, “पत्ते खेळा, पण चपला बाहेर. आणि आरडाओरडा नको, खाली बारसं आहे.”

टेबलावर दोघंच उरले होते. एक अनिरुद्ध, बाणेरचा आयटीवाला, गेल्या वर्षीचा विजेता. दुसऱ्या मंगलताई कांबळे, सरकारी नोकरीतून निवृत्त. सकाळीच मला म्हणाल्या होत्या, “ऑफिसच्या प्रत्येक टीमचा स्कोअर मी लिहिला, सर. खेळायला कधी कुणी घेतलं नाही. ही टीम मला पाहिजेच.”

पोकर कळायला सोपं आहे. हातात प्रत्येकी दोन पत्ते, टेबलावर पाच सामाईक. सातांतून ज्याचे पाच भारी, डाव त्याचा. हात सोडून द्यायचा असेल तर पत्ते पालथे करून बाजूच्या ढिगात टाकायचे. त्या ढिगाला ‘मक’ म्हणतात; सामाईक पत्ते उघडण्याआधी डीलर, म्हणजे पत्ते वाटणारा, एकेक पत्ता पालथा त्यातच टाकतो. मकमध्ये मिसळला तो पत्ता मेला.

त्या डावात जवळजवळ सगळ्या चिप्स मधोमध आल्या होत्या. मंगलताईंनी मोठी बेट लावली, अनिरुद्धने तेवढ्याच चिप्स पुढे सरकवून कॉल केला. आता पत्ते दाखवायचे, संपलं. मंगलताईंनी काय करावं? एक पत्ता पालथा करून थेट मकवर ठेवला, दुसरा हातात धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “शो!”

अहो, रमी! रमीत डाव लागला की शेवटचा पत्ता पालथा टाकून शो म्हणतात. बाईंनी जन्मभर तेच केलेलं. इतका वेळ डोकं पोकर खेळत होतं, ऐन वेळी हात रमी खेळला. सचिन ढीग गोळा करायला हात पुढे नेत होता, तेवढ्यात मी ओरडलो.

“पत्ता मकला लागला,” अनिरुद्ध म्हणाला. “हँड डेड आहे. मधल्या चिप्स, अख्खा पॉट माझा.”

मंगलताई खुर्चीतून उठल्या. “अहो, मी टाकला नाही! मी जिंकले म्हणून ठेवला!” त्यांनी पत्त्याकडे हात नेला.

“ताई, हात मागे,” मी म्हणालो. वाईट वाटलं, पण म्हणालो.

आयोजक देशमुख कानाशी आले. “सर, लाइव्ह स्ट्रीम चालू आहे. पटकन काहीतरी सांगा. पत्ता उघडून बघा ना, भारी असेल तर देऊन टाका.”

“देऊन टाकायला हा काय बारशाचा पेढा आहे?” मी विचारलं. ते मागे सरकले.

पत्ता बघून निर्णय दिला की तो निर्णय राहत नाही, बाजू घेणं होतं. आधी निर्णय, मग पत्ता. मकला लागला की मेला, असं बरेच खेळाडू समजतात. नियम तसा नाही. डीलरने तो ढिगात सरकवला नसेल, आणि तो नेमका कुठला हे बिनचूक ओळखता येत असेल, तर तो जिवंत. पण ढिगातले सगळे पत्ते पाठीकडून सारखेच दिसतात. आणि सचिनचा हात ढिगापर्यंत गेला होता. स्ट्रीमचा कॅमेरा खेळाडूंच्या चेहऱ्यांवर होता, त्यामुळे सचिन आणि अनिरुद्ध दोघांनी एकच पत्ता दाखवला तरच मला खात्री.

मी अनिरुद्धला विचारलं, “ताईंचा पत्ता कुठला?”

त्याने ढिगाकडे पाहिलं, मग मंगलताईंकडे. पोरगा हुशार, प्रश्न कुठे निघालाय ते त्याला बरोबर कळलं. ‘सांगता येत नाही’ एवढं म्हणाला असता, तर मला हात मेलेला धरावा लागला असता.

“वरचा, तिरका,” तो शेवटी म्हणाला. “सचिनने हात लावला नाही. मी बघितलंय.”

सचिननेही तोच दाखवला.

“मग हात जिवंत आहे. ताई, उघडा.”

बदामचा राजा निघाला. हातातला दुसराही बदाम, टेबलावर तीन. पाच बदाम. अनिरुद्धकडे ओळीने पाच होते, पण एका रंगाचे पाच त्याहून भारी. पुढच्याच डावात त्याच्या उरलेल्या चिप्स गेल्या. बारसंबिरसं विसरून हॉल टाळ्यांनी दणाणला. मंगलताई डोळे पुसत त्याला म्हणाल्या, “खोटं बोलला असतास तरी कुणाला कळलं नसतं रे.”

“काकू, मला झोप लागली नसती,” तो म्हणाला, आणि पाणी प्यायला उठला.

तेव्हापासून प्रत्येक स्पर्धेआधी मी माइकवरून सांगतो, “पत्ते सरळ उघडून दाखवा. इथे रमी नाही.” दर वेळी पुण्याच्या टीमचा टी-शर्ट घातलेल्या एक बाई पहिल्या रांगेतून ओरडतात, “कळलं हो! एकदाच चुकले, जन्मभर ऐकवाल!”

ऐकवणार. नियम पुन्हा पुन्हा ऐकवावाच लागतो.