उबाराचं पहिलं पान

लाइबा सय्यद पोटासाठी जे लिहायची ते लाखो घरांत पोचायचं आणि एकाही घरात वाचलं जायचं नाही. मिक्सर, वॉशिंग मशीन, पाण्याचा फिल्टर घेतला की खोक्यात वरच एक पातळ पुस्तिका असते ना, ती लाइबा लिहायची. चिकलठाण्यातल्या एका छोट्या कंपनीत तिची ही नोकरी. लोक खोकं फोडतात, मशीन काढतात, पुस्तिका थर्माकोलसोबत फेकून देतात आणि मशीन चाललं नाही की फोन करून शिव्या घालतात. आपल्या धंद्यावर लाइबाची श्रद्धा एवढी, की घरातल्या फ्रिजची पुस्तिका तिनं फ्रिजच्याच लंगड्या पायाखाली सरकवली होती.

घर पडेगावात. घरात ती आणि तिची अम्मी, मेहरुन्निसा. अंगणात अम्मीच्या कोंबड्या. या कोंबड्या अंडी भरपूर द्यायच्या, पण खुडूक व्हायचं नाव घ्यायच्या नाहीत. अंड्यांवर बसायचं म्हटलं की उठून चालू लागायच्या.

"तेरे जैसीच है सब," अम्मी म्हणायची. "खाना वक्त पे होना, बैठने का नाम नक्को."

लाइबाचं लग्न हा विषय अम्मी कोंबडीवरून, भाजीवरून, गॅसच्या सिलिंडरवरूनही काढू शकत होती. निदान कोंबडीकडचा रस्ता तरी बंद करावा, म्हणून लाइबा अंडी उबवायच्या पेटीच्या शोधाला लागली आणि तिला इंटरनेटवर 'उबारा' सापडला.

उबारा म्हणजे घरी करायच्या पेटीचा आराखडा आणि ती चालवणारा प्रोग्राम. थर्माकोलची पेटी, बल्ब, अंडी फिरवायला छोटी मोटर, उष्णता मोजायला सेन्सर. प्रोग्राम ओपन सोर्स होता, म्हणजे कुणीही फुकट घ्यावा, उघडून बघावा, बदलावा, चांगला बदल केला तर परत पाठवावा. बनवणारा विश्वजीत ठोंबरे, मूळ गंगापूरचा, वाळूजच्या एका कारखान्यात यंत्रांचे प्रोग्राम लिहिणारा.

अशा प्रकल्पाच्या दारातच एक पान असतं. नव्या माणसानं आधी ते वाचायचं. त्याला 'रीडमी' म्हणतात. मला वाचा! नावातच काकुळती आहे. लाइबानं ते उघडलं. पहिलंच वाक्य होतं, 'मानवी संस्कृतीच्या वाटचालीत अंड्याचे स्थान अनन्यसाधारण आहे.'

त्याखाली शाल-श्रीफळ घेताना विश्वजीतचा फोटो. मग 'माझा प्रवास' नावाचं लांबलचक प्रकरण. मग आभार, ज्यात पहिला बल्ब देणाऱ्या मेहुण्याच्या मित्राचंही नाव होतं. मग परवान्याच्या अटी. मग प्रोग्राममध्ये बदल करू इच्छिणाऱ्यांनी पाळायची शिस्त. मग उष्णतेचं गणित, आकृतीसह. लाइबाचं बोट सरकवून सरकवून दुखायला लागलं, तेव्हा कुठं तळाशी पेटी कशी बनवायची ते आलं.

तिनं ते सगळं वाचून पेटी बनवली. ती उत्तम चालली. पण प्रकल्पाच्या तक्रारींच्या जागी तिनं लिहिलंच, 'अंडी कुठं ठेवायची हे कळेपर्यंत आमची कोंबडी वैतागून स्वतःच बसली.'

विश्वजीतचं उत्तर आलं, 'आपल्या सूचनेचे स्वागत आहे. आपणच सुधारणा करून पाठवावी.' ओपन सोर्सच्या जगात याचा अर्थ 'वाटेला लागा' असा होतो, हे लाइबाला ठाऊक नव्हतं. तिनं खरोखरच सुधारणा करून पाठवली. म्हणजे जवळपास सगळं पान खोडलं.

विश्वजीतनं भेटायला बोलावलं. उस्मानपुऱ्यातल्या एका हॉटेलात दोघं समोरासमोर बसले. तो उंच, शांत, शर्टाच्या खिशात दोन पेन असलेला माणूस निघाला. चहा यायच्या आत त्यानं सुरुवात केली.

"मॅडम, तुम्ही माझा प्रवास काढून टाकला."

"हो. मला पेटी पाहिजे होती. तुमच्या प्रवासाला निघायचं नव्हतं."

"आणि आभार?"

"सर, लग्नपत्रिका बघितली का तुम्ही? कृपाभिलाषी, निमंत्रक, व्यवस्थापक, समस्त मामा मंडळ, खाली 'आमच्या आत्याच्या लग्नाला यायचं हं'. आणि लग्न कुठंय ते बारीक अक्षरात कोपऱ्यात. माणूस भलत्याच मंगल कार्यालयात जेवून येतो. तुमचं पान तसंय."

विश्वजीतला हसू आलं, पण त्यानं ते चहात बुडवलं. "फोटो तरी ठेवा," तो म्हणाला. "आमच्या घरी सगळे ऊसवाले. मी कंपनीत काय करतो ते कुणालाच कळत नाय. आई लोकांना सांगती, पोरगं कॉम्प्युटर पुसायला आहे. त्या सत्काराला पहिल्यांदा सगळे आले होते."

माणूस वाईट नव्हता. पण पान वाईट होतं.

"फोटो दुसऱ्या पानावर ठेवू," ती म्हणाली. "मोठा करून."

शेवटी ठरलं ते असं. पहिल्या पानावर हे काय आहे, काय काय लागतं, कसं बनवायचं, अडलं तर कुणाला विचारायचं, एवढंच. बाकी सगळं आतल्या पानांवर. विश्वजीतनं सही केल्यासारख्या चेहऱ्यानं मान हलवली.

पान लावण्याआधी कुणाला तरी वाचायला द्यावं म्हणून लाइबानं शेजारचे आप्पासाहेब पकडले. आप्पासाहेब सरकारी नोकरीतून निवृत्त झाले होते. लेखी आदेशाशिवाय त्यांनी आयुष्यात काही केलं नव्हतं आणि लेखी आदेश आल्यावर काही केलं नाही असंही कधी झालं नव्हतं. निवृत्तीनंतर आदेश येईनासे झाले, त्यामुळे ते जरा सुकले होते. कोंबड्या पाळायचं ठरल्यावर त्यांना तजेला आला.

चष्मा लावून त्यांनी पान वाचलं आणि पहिल्याच ओळीवर अडकले.

"पोरी, इथं 'प्रोग्राम क्लोन करा' लिहिलंय. मला क्लोन नको बाबा. साध्या गावरान कोंबड्या पाहिजेत."

"काका, क्लोन म्हणजे प्रोग्रामची नक्कल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायची."

"मग तसं लिही ना. मी घाबरलो. मेहरुन्निसाभाभी काय म्हणतील, आप्पासाहेबानं घरात काय सुरू केलं?"

लाइबानं 'उतरवून घ्या' लिहिलं. आप्पासाहेबांना मग सगळं समजलं, निदान तसं ते म्हणाले. पान लागलं. लोकांनी कौतुक केलं. कुणी लिहिलं की आयुष्यात पहिल्यांदा रीडमी शेवटपर्यंत वाचला. लाइबा आठवडाभर अशी चालत होती की जणू अंडं तिनंच दिलंय. इकडं अम्मीच्या पेटीत पिल्लं निघाली, किलबिलाट झाला आणि लग्नाचा विषय काही काळ मागं पडला.

मग एका सकाळी वास आला. आधी वास आला, मागून आप्पासाहेब आले. त्यांच्या हातात प्लास्टिकची पिशवी होती आणि त्यांनी ती अंगापासून लांब, मेलेला उंदीर धरावा तशी धरली होती.

"या, बसा," अम्मी म्हणाली आणि लगेच पदर नाकाला लावून म्हणाली, "नाही, बाहेरच बसा."

"एकही फुटलं नाही," आप्पासाहेब म्हणाले. "सगळं तुझ्या पानाप्रमाणं केलं. एक मुद्दा सोडला नाही."

लाइबा त्यांच्यासोबत पेटी बघायला गेली. पेटी सुबक होती, कडा टेपनं बंद, वर नाव लिहिलेलं. आणि सेन्सर पेटीच्या बाहेर, भिंतीतल्या खिळ्याला लटकत होता.

"काका, हा बाहेर का?"

"तू लिहिलंस 'सेन्सर बसवा'. कुठं ते लिहिलं नाही. इथं खिळा होता. नीट दिसतोय."

म्हणजे सेन्सर खोलीची थंडी मोजत राहिला, पेटीला सांगत राहिला की अजून गार आहे, अजून तापव, आणि बल्ब आत अंडी शिजवत राहिला.

"कॉम्प्युटरच्या पडद्यावरचा आकडा चढतच नव्हता," आप्पासाहेब सांगत होते, "म्हणून मी वरून गोधडी टाकली."

"आणि वास आला तेव्हा?"

"पानावर वासाबद्दल काही नव्हतं. मी समजलो, येत असंल. आणि तूच लिहिलंस, पेटी विनाकारण उघडू नका. मला कारण सापडलं नाही."

लाइबाला हसायला यायला हवं होतं. आलं नाही. इतकी वर्षं तिचं लिहिलेलं कुणी वाचलं नव्हतं. पहिल्यांदाच एका माणसानं शब्द न शब्द वाचला, शब्द न शब्द पाळला, आणि त्याचं फळ पिशवीत होतं. मिक्सरच्या पुस्तिकेत असलं काही झालं नसतं, कारण ती कुणी उघडलीच नसती. ती घरी आली, ऑफिसात गेलीच नाही. सेन्सर आत लावायचा हे तिला स्वतःला कसं कळलं होतं, हेच तिला आठवेना. कुणी सांगितलं होतं?

तिनं विश्वजीतचं जुनं पान काढून बघितलं. 'माझा प्रवास'च्या मधोमध, कॉलेजच्या आठवणी आणि मित्राच्या मोटरसायकलचं वर्णन यांच्यामध्ये ते होतं. पहिल्या वेळी सेन्सर बाहेर राहिला, सगळी अंडी उकडून निघाली आणि धाकट्या भावानं ती मीठ लावून खायला घेतली, तोंडात घालून लगेच थुंकली. हा प्रसंग तिनं वाचला होता, हसली होती आणि नंतर फालतू म्हणून खोडला होता.

तिनं फोन लावला. विश्वजीतनं सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाला, "मी लिहिलं होतं, मॅडम."

"तुम्ही लिहिलं नव्हतं, तुम्ही दडवलं होतं. मोटरसायकलच्या मागं."

"पण होतं."

"होतं," लाइबा म्हणाली. तिला ते म्हणायला जड गेलं. "मी काढायला नको होतं."

यावर विश्वजीत फुशारकी मारेल असं तिला वाटलं होतं. त्यानं उलट विचारलं, "काका फार नाराज आहेत का?"

"नाराज नाहीत. ते नव्या आदेशाची वाट बघताहेत."

त्या रविवारी दोघं पुन्हा बसले, या वेळी पडेगावात, अम्मीच्या ओसरीवर, कारण अम्मीनं खिचडा केला होता आणि ओपन सोर्सच्या प्रकल्पात जेवायला देणारा माणूस विरळा. लाइबानं एकेक वाक्य घेतलं आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, हे माहीत नसलं तर कोण मरतं? अंडी मरत असली तर वाक्य पहिल्या पानावर. फक्त विश्वजीतचा जीव तुटत असला तर आतल्या पानावर.

"हे जरा जास्त होतंय," विश्वजीत म्हणाला.

"उष्णतेचं गणित?"

"अंडी मरत नाहीत," त्यानं कबूल केलं.

"सेन्सर अंड्यांच्या उंचीला, पेटीच्या आत?"

"मरतात."

"पाण्याची वाटी आत ठेवायची?"

"मरतात. मी ते कधी लिहिलंच नव्हतं," विश्वजीत म्हणाला आणि स्वतःच दचकला. त्याला वाटायचं हे सगळ्यांना माहीतच असतं.

पान आधीपेक्षा थोडं वाढलं. लाइबाला ते खुपलं, कारण तिला छोट्या पानाचा अभिमान होता. पण वाढू दिलं. 'वास आला तर पेटी उघडा' हे वाक्य आप्पासाहेबांच्या आग्रहानं आलं. आप्पासाहेबांनी दुसऱ्यांदा अंडी ठेवली, आणि या वेळी पिल्लं निघाली, सगळी नाही, पण बरीच. त्यांनी लाइबाला पेढे आणून दिले आणि काम पूर्ण झाल्याचा अहवाल तोंडी सादर केला.

विश्वजीतनं लाइबाला पहिल्या पानाचा मुखत्यार करून टाकलं. तिच्या होकाराशिवाय तिथं काही लागायचं नाही. मग तिला कळलं की दारातल्या पानावर प्रत्येकाला आपली पाटी लावायची असते. एकानं गणपतीच्या शुभेच्छांचं चित्र पाठवलं. एकानं गावाचं नाव घालायला सांगितलं, कारण त्याच्या गावात उबाराची पेटी आहे. एका सज्जनानं कोंबडीच्या रश्शाची कृती पाठवली. त्याला तिनं उत्तर दिलं, 'कृती चांगली आहे, पण आमचे ग्राहक अजून अंड्यात आहेत.' नोकरीतही तिची जीभ वळवळायला लागली. नव्या मिक्सरची पुस्तिका आली तेव्हा तिनं साहेबांना सांगितलं, आधी कुणाला तरी हातात मिक्सर द्या, मी समोर बसून बघते. साहेब म्हणाले, "वाचतंय कोण?" ती म्हणाली, "एकजण वाचतो. आणि तो पडेगावात राहतो." साहेबांना काही कळलं नाही, पण मिक्सर मिळाला.

अलीकडं एका संध्याकाळी तिला पाचोडहून फोन आला. दीपमाला नावाच्या बाईंचा. पानावर अडलं तर विचारा म्हणून लाइबाचाच नंबर होता. बाईंच्या मागं इतका चिवचिवाट होता की शब्द ऐकू येईनात.

"ताई, पानावरचं सगळं केलं. लई झ्याक झालं. सगळी पिल्लं निघाली."

"वा! अभिनंदन."

"व्हय, पण पान तिथंच संपलं की हो. आता यांचं काय करू? ती माझ्याकडंच बघायलीत सगळी."

लाइबानं पान उघडलं. खरंच, शेवटचं वाक्य होतं, 'पिल्ले बाहेर येतील.' त्यापुढं काही नव्हतं. विश्वजीतला नाही सुचलं, आप्पासाहेबांना नाही सुचलं, तिलाही नाही. तिनं फोन अम्मीच्या हातात दिला.

"हां बोलो बाई," अम्मी म्हणाली आणि पाट ओढून बसली. "पयले उनको गरम जगा में रखो. पानी उथळ बर्तन में, नै तो डूबते. तुमची मांजर आहे का? हां, तर मग आधी मांजरीचं सांगते..."

अम्मी बोलत होती तोवर लाइबानं विश्वजीतला निरोप पाठवला, की पिल्लांची काळजी पहिल्या पानावर घ्यावी लागेल. त्याचं उत्तर लगेच आलं. उबारा उबवण्यासाठी आहे, संगोपनासाठी नाही, प्रत्येक गोष्ट आपण घ्यायला लागलो तर उद्या लोक पिल्लांच्या लग्नाचंही विचारतील.

'हे माहीत नसलं तर कोण मरतं?' लाइबानं लिहिलं.

पलीकडून आलं, 'रविवारी बसू. अम्मी काय करणार आहेत?'