लांडग्यावर दगड

चंद्रव्वा धापा टाकत आली तेव्हा मायाक्का कोकरांपुढं बाभळीचा पाला टाकत होती. पदरानं तोंड पुसायचंही भान चंद्रव्वाला नव्हतं.

"अक्का, मालकानी मेलेल्या मेंढीला इखाचं औषध चोळलंय. आनि वड्याच्या वरच्या अंगाला नेऊन टाकलीया."

"कवा?"

"आत्ता, जेवायच्या आधी. मी सांगितलं असं म्हनू नका. पर काय तरी करा."

चंद्रव्वा ही मायाक्काची धाकटी जाऊ. तिचा नवरा ईश्वरप्पा म्हणजे मायाक्काचा दीर. दोघांची घरं सांगोल्याच्या दक्षिणेला एकाच माळावर, पण हाकेच्या टप्प्याबाहेर. आदल्या पहाटे लांडग्यानं ईश्वरप्पाच्या मेंढरांत घुसून एक गाभण मेंढी मारली होती. ती मेंढी त्यानं स्वतःच्या हातानं बाटलीचं दूध पाजून वाढवलेली. मायाक्का त्याला भेटायला गेली, तेव्हा तो तिच्याशी एक शब्द बोलला नाही. तिला तेव्हाच भीती वाटली होती.

मायाक्काचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मेंढरं तिनं एकटीनं राखली. तिचाही लांडग्यावर जीव होता अशातला भाग नव्हता. तिचीही कोकरं गेली होती, आणि तिनंही शिव्या घातल्या होत्या. पण एका उन्हाळ्यात कुणीतरी लांडग्यासाठी टाकलेलं विषारी मांस तिच्या कुत्रीनं खाल्लं. कुत्री तिच्या मांडीवर तडफडत गेली. तिच्यामागून घारी पडल्या, मुंगसं पडली, ओढ्याचं पाणी प्यालेली दोन मेंढरंही पडली. लांडगा मात्र तसाच फिरत राहिला.

त्यानंतर मायाक्का धनगरांच्या वाड्यावाड्यावर जाऊन बोलायला लागली. सोलापुरात माळरान वाचवायचं काम करणारी एक संस्था होती. तिथली बुद्धप्रिया नावाची मुलगी तिच्या सोबत यायची. नुकसानभरपाई कशी मिळते ते बुद्धप्रिया सांगायची आणि विष टाकू नका एवढंच मायाक्का सांगायची. माळाचा निम्मा भाग आता सोलरच्या काचांनी आणि तारेच्या कुंपणानं अडवला होता. ससे, हरणं राहिली नव्हती. "लांडग्यानं तरी जावं कुटं?" असं ती विचारायची. काही जण ऐकायचे, काही जण हसायचे. ईश्वरप्पा हसायचा.

आता तिनं बुद्धप्रियाला फोन लावला.

"पोरी, मढ्याला औषध लावून टाकलंय. वड्याच्या वर."

"कुणी टाकलं?"

"ते मागनं. आधी काय करू ते सांग."

"उघड्या हातानं शिवू नका, मायाक्का. खोल पुरा, वर दगड रचा. मी वनरक्षकांना कळवते आणि निघते. पण पोचायला दोन तास तरी लागतील."

दोन तासांत दिवस कलला असता. आणि फाल्गुनात लांडग्याच्या मादीची पिल्लं बिळात असतात, तेव्हा ती अंधाराची वाट बघत नाही, हे मायाक्काला ठाऊक होतं. ओढ्याच्या त्याच अंगाला एका मादीचं बीळ होतं. तिनं खताची रिकामी पोती घेतली, टिकाव-खोरं खांद्यावर टाकलं, कोकरं चंद्रव्वाच्या हवाली केली आणि ती जवळजवळ पळतच निघाली.

मेंढी दुरूनच दिसली. तिच्याभोवती कावळे होते. दोन उडाले. तिसरा उडाला नाही, जमिनीवर पंख आपटत गोल फिरत राहिला. ती आणखी जवळ गेली तेव्हा तिला दिसलं, की मेंढीची एक मागची तंगडी जागेवर नव्हती. कुणीतरी ती तोडून नेली होती.

तिनं हातांना पोती गुंडाळली आणि ती खणायला लागली. वर मुरूम होता. टिकाव नुसता ठणठणत होता. गुडघाभर खड्डाही झाला नव्हता, तोच तिला पाठीमागं कुणीतरी असल्याचं जाणवलं. तिनं वळून बघितलं.

मादी उभी होती. अंगानं वाळलेली, थानं लोंबलेली. माणसाला बघून लांडगा सटकतो, पण ही सटकली नाही. मायाक्काला ती रोज बघत होती. तिच्याकडून काही धोका नाही, एवढं त्या जनावराला कळलं होतं. ती मेंढीकडं बघत होती, आणि एकेक पाऊल पुढं येत होती.

"हो मागं! हाड! चल!"

मादीनं कान हलवले. आणखी एक पाऊल टाकलं.

मायाक्कानं दगड उचलला आणि मारला. तो पुढ्यात पडला. दुसरा मारला. मादी बाजूला झाली आणि मेंढीला वळसा घालून पलीकडून आली. मायाक्का मढ्याच्या आणि तिच्या मधे जाऊन उभी राहिली. ज्या जनावरासाठी तिनं चार वर्षं भावकीची बोलणी खाल्ली, त्याच्यावर ती आता नेम धरत होती. तिसरा दगड बरगडीवर बसला. मादी किंचाळली, लंगडत टेकाडावर गेली आणि तिथं उभी राहिली. गेली मात्र नाही.

"वैनी!"

ईश्वरप्पा येत होता. हातात काठी, आणि त्याच्या पुढं पळत येणारा त्याचा कुत्रा, मोत्या.

"बाजूला हो. माझी मेंढी हाय, मी काय बी करीन."

"ईश्वरप्पा, कुत्रं धर!"

"तू मला शिकवू नगस. तुझी गेली असती म्हंजे कळलं असतं."

"माझी बी गेल्यात. कुत्रं धर आधी!"

मोत्या तोवर मढ्यापाशी पोचला होता. त्यानं पोटाच्या बाजूला नाक घातलं. काठी टाकून ईश्वरप्पा धावला, मोत्याच्या मानेवर पडला आणि त्याला दोन्ही हातांनी मागं ओढलं. कुत्रा गुरगुरत होता, मान झटकत होता. ईश्वरप्पानं त्याच्या जबड्यात बोटं घालून बघितलं. काही नव्हतं. तरी त्यानं पुन्हा बघितलं. मग त्याला छातीशी आवळून तो खालीच बसला. कुत्र्याला सोडायची सोय नव्हती, त्यामुळं त्याला उठताही येईना.

"खाल्लं न्हाय न्हवं?" मायाक्कानं विचारलं.

"न्हाय," तो म्हणाला.

ती परत खणायला लागली. तो बघत राहिला. टेकाडावरून मादीही बघत होती. खड्डा पुरेसा झाल्यावर मायाक्कानं पोत्यानं धरून मढं आत लोटलं, तोवर मेलेला कावळा वर टाकला, माती ओढली. शेवटी ईश्वरप्पानं मोत्याला डोक्यावरच्या पटक्यानं झुडपाला बांधलं आणि मोठाले दगड आणून रचले.

"एक तंगडी गेलीया," मायाक्का म्हणाली.

त्यानं आणखी एक दगड आणून ठेवला.

बुद्धप्रिया आणि वनरक्षक आले. त्यांनी उजेड होता तोवर माळ धुंडाळला. तंगडी दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. शेजारी एक खोकड, माळावरचा लहान कोल्हा, मरून पडलं होतं. पंचनामा झाला आणि आता चौकशी होणार होती. त्याआधी मायाक्का ईश्वरप्पाच्या दारात गेली.

"मला इचारतील. मी खोटं बोलनार न्हाय."

"भावजय असून?"

"भावजय हाय म्हून आधी तुला सांगाय आले."

चंद्रव्वा उंबऱ्यात उभी होती. तिच्या डोळ्यांतली भीती मायाक्काला बघवली नाही. ती परत फिरली. वनरक्षक तिच्या अंगणात येऊन बसले, तिनं पाणी दिलं, आणि ते पहिला प्रश्न विचारणार तोच ईश्वरप्पा बांधावरून आला.

"औषध मी टाकलं," तो म्हणाला. "हिला इचारू नका."

गुन्हा नोंदला गेला. जामीन झाला, तारखा सुरू झाल्या. भावकीनं मायाक्काला दोष दिला. पुतणीच्या लग्नाच्या अक्षता तिला आल्या नाहीत. ती गेली नाही, घरीच रडली. मादीनं त्याच आठवड्यात पिल्लं हलवली. कुठं, ते कुणालाच कळलं नाही. आपल्या दगडामुळं ती गेली की कसं, हे मायाक्कालाही सांगता येत नव्हतं. बरं झालं, असं ती बुद्धप्रियाला म्हणायची, आणि सकाळी मेंढरं सोडताना टेकाडाकडं बघायची.

ईश्वरप्पा तिच्याशी दीड वर्ष बोलला नाही. मग दिवाळीनंतर एकदा फोन वाजला.

"वैनी, लांडग्यानं कोकरू मारलं. पंचनाम्याला कुनाला बलवायचं?"

तिनं नंबर सांगितला. त्यानं तो दोनदा म्हणून घेतला.

"मढं तसंच ठेव," ती म्हणाली. "हात लावू नगस. साहेब येऊस्तवर मी येते."

"ये," तो म्हणाला आणि फोन ठेवला.