वहिनीचा अंगठा

आमच्या वहिनीला खुर्चीचं वावडं आहे. दुकानात गादीची चांगली खुर्ची आहे. तिच्यावर टोपल्या बसतात आणि वहिनी उभी. टोपल्या, विणलेल्या पिशव्या, मेणाची मलमं, साबण, सगळं लांबच्या वस्त्यांतल्या बायकांनी घरी केलेलं. कष्टाचा पुरा मोबदला आधी त्यांच्या हातात ठेवायचा, मगच माल उचलायचा, हा तिचा नेम. आणि इतकी अधीर बाई विकते काय, तर सहा आठवडे मुरल्याशिवाय अंगाला लावता न येणारा साबण.

यंदा एका हॉटेलवाल्याने दोनशे दहा साबण मागितले. प्रत्येक साबणाच्या पाठीवर करणारीच्या अंगठ्याचा ठसा असतो, तो त्याला फार आवडला होता. खोलीत साबण, सोबत त्या बाईच्या नावाची छापील चिठ्ठी. साबण करणाऱ्या सातही जणी आपलं नाव पहिल्यांदाच छापलेलं बघणार होत्या.

साबण ओलेच आले. फळीवर मांडून आठवड्यातून एकदा उलटायचे, एवढंच काम. वहिनी दिवसातून तीनदा उलटायची.

"अगं, तव्यावर आहेत का ते?" दादा म्हणायचा.

"तुम्ही गप्प बसा. वाळत नाहीयेत."

"सारखं बघत राहिलीस की लाजत असतील."

न्यायच्या दिवशी सकाळी ती चिठ्ठ्या बांधायला बसली, म्हणजे उभी राहिली. पहिला साबण उलटला. ठसा होता, रुंद, मधोमध सुरीचा जुना व्रण. तिचाच. दुसऱ्यावरही तिचाच. साबण मऊ असताना दाबून दाबून तिने सगळ्यांचे अंगठे पुसून टाकले होते. उलटताना पाहायला वेळ कुणाला होता.

हॉटेलवाला चारला येणार. तिने सातजणींतल्या थोरलीला फोन लावला.

"अक्का, कुठला कुणाचा, काही कळेना."

"हात बांधून ठेव. येते."

अक्का दीडच्या बसने आली. आधी वहिनीला खुर्चीत बसवलं, उठू नये म्हणून मांडीवर मोठी टोपली दिली. मग एकेक साबण उचलून कड चाचपायला लागली.

"हा डावरीचा, कड उजवीकडे उतरते. हा धाकटीचा, तान्हं रडतं, मग घाईत कापते. हा बुटकीचा, बारका आहे, मापात चिक्कू मेली."

साडेतीनला सात ढीग झाले. वहिनीचा एक पाय तेवढा टोपलीखाली हलत होता.

हॉटेलवाल्याने आल्या आल्या साबण उलटला. "सगळ्यांवर एकच ठसा?"

"माझा आहे," वहिनी म्हणाली. "मला धीर नाही."

"साबण ज्यांचे त्यांचेच आहेत," अक्का म्हणाली. "चिठ्ठीवरचं नाव खरं. ठसे पुढच्या खेपेला. हिला हात लावू देणार नाही."

त्याने आणखी दोन साबण उलटून पाहिले. वहिनीचा पायही थांबला.

"बरं, बांधा," तो म्हणाला.

गाडी गेल्यावर एक जादा साबण उरला. अक्काने तो वहिनीपुढे ठेवला. "हा तुझा. ठसा झकास उमटलाय. आता शिवायचं नाही."

अक्का चपला घालायला वळली, तेवढ्यात वहिनीने तो हळूच उलटला.