खिळ्यावरची किल्ली

भिंगरीला एका जागी बसवत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक. नववीत बाकावर बसवेना म्हणून शाळा सुटली, कापडाच्या दुकानात गल्ल्यावर बसवेना म्हणून नोकरी सुटली. शेवटी काकूने तिला आपल्या लॉजवर आणलं. "इथे बसायचं कामच नाही," काकू म्हणाली, "नुसतं पळायचं." तेव्हापासून काकूबद्दल कोणी वाकडा शब्द काढला की त्याची खैर नाही. समोरच्या बड्या हॉटेलचा मॅनेजर एकदा लॉजला खुराडं म्हणाला. भिंगरीने भर रस्त्यात त्याला सुनावलं, "खुराड्यात निदान अंडी ताजी मिळतात. तुमच्याकडे फुलंसुद्धा प्लास्टिकची."

लॉज समुद्रापासून तिसऱ्या गल्लीत. आठ खोल्या, खाऱ्या वाऱ्याने गंजलेल्या कड्या, आणि गच्चीच्या कोपऱ्यात उभं राहून मान लांब केली तर दिसेल तेवढाच समुद्र. काकू हे पाहुण्यांना आधीच सांगून टाकायची. "समुद्र बघायला चालत जावं लागेल. झोप मात्र इथे छान लागते."

पाहुण्यांना चालवायचं काम भिंगरीचं. दीपगृह, मत्स्यालय, पामच्या झाडांची बाग, काचेच्या तळाची होडी आणि कासवखडक. हा कासवाच्या पाठीसारखा थोराड कातळ. ओहोटीला त्यावर चालत जाता येतं, भरतीला चारी बाजूंनी पाणी. लोक जे दोन दिवसांत बघतात ते भिंगरी एका दुपारी उरकायची. "आम्ही सुट्टीवर आलोय की शर्यतीला?" असं एक बाई धापा टाकत म्हणाली होती.

काकूचा नियम एकच, पण पक्का. बाहेर पडताना खोलीची किल्ली टेबलामागच्या फळीवर आपल्या नंबरच्या खिळ्याला लावायची, परत आलं की काढून न्यायची. दिवेलागणीला काकू फळीसमोर उभी राहायची. किल्ली लटकतेय म्हणजे माणूस बाहेर. मग त्याला शोधायला निघायचं, जेवण गार झालं तरी चालेल. बारा वर्षांत काकूने समुद्राला एकही पाहुणा दिला नव्हता.

त्या आठवड्यात पाच नंबरमध्ये एक शिंपी आजोबा उतरले होते. जन्म शिवणयंत्रावर वाकून गेला, समुद्र पहिल्यांदाच बघत होते. कासवखडकावर बसले ते उठेचनात. मत्स्यालय पाच वाजता बंद होणार, बाकीचे पाहुणे खोळंबलेले, आणि भिंगरीच्या तळपायाला मुंग्या आलेल्या.

"आजोबा, अर्ध्या तासात निघा. वाट सरळ आहे. वर आलात की डावीकडे."

"तू हो पुढे, पोरी. मी काय लहान आहे?"

भिंगरी पुढे झाली. मत्स्यालय उरकून सगळ्यांना लॉजवर सोडलं, तेवढ्यात पाच नंबरचा गळका नळ आठवला. खिळ्यावरची किल्ली काढली, नळाला नवा वायसर बसवला, किल्ली खिशात टाकली आणि बसस्टँडवर नव्या पाहुण्यांचं सामान आणायला सुसाट सुटली.

परत आली तेव्हा दिवे लागले होते. काकू फळीसमोर निवांत उभी.

"पाच नंबरच्या आजोबांना चहा नेऊन दे गं. किल्ली नेलीय, पण खाली उतरले नाहीत. दमून झोपले असतील."

चहासाठी स्टोव्हची पिन काढायला भिंगरीने खिशात हात घातला आणि हाताला किल्ली लागली.

म्हणजे आजोबा अजून खडकावरच. आजोबांना काही झालं तर उद्या लोक कोणाला नावं ठेवणार? काकूला. बारा वर्षांच्या नावावर एका संध्याकाळी पाणी.

"आलेच," एवढंच म्हणून ती पळाली.

किनाऱ्यावर होडीवाला काचेची होडी वाळूवर ओढत होता.

"खडकावर माणूस राहिलाय. ढकल."

"आत्ता? भरती बघ केवढी आहे. आणि दिवसभर वल्हवून माझे खांदे गेलेत."

"खांदे उद्या शोधू. ढकल म्हणते ना." ती स्वतःच ढकलायला लागली होती. तिच्या तोंडी लागण्यापेक्षा भरतीच्या तोंडी लागलेलं बरं, असं पुटपुटत तो वल्ह्यावर बसला.

आजोबा खडकावर उभे होते. गुडघ्यापर्यंत पाणी, बुटांच्या नाड्या बांधून बूट गळ्यात अडकवलेले.

"मी निघालो होतो," होडीत चढता चढता ते दात वाजवत म्हणाले, "पण वाटच माझ्याआधी निघून गेली."

भिंगरीला हसू आलं नाही. तिने त्यांचा हात धरला तो लॉज येईपर्यंत सोडला नाही.

दारात काकू बॅटरी घेऊन उभी. जादा किल्लीने उघडलेली खोली रिकामी बघून तिचा चेहरा उतरला होता.

"आजोबा, किल्ली बरोबर घेऊन गेलात?"

आजोबांनी एकदा भिंगरीकडे बघितलं. "हो, माझंच चुकलं. लावायची राहिली."

सुटका अशी आयती समोर आली होती. पण काकूशी खोटं बोलायचं म्हणजे भिंगरीला जड.

"ते मला वाचवतायत. किल्ली माझ्या खिशात होती. नळ दुरुस्त केला आणि लावायला विसरले. खडकावर एकटं सोडलं तेही मीच."

काकूने आधी आजोबांना कोरडे कपडे दिले, चहा दिला. मग भिंगरीकडे वळली.

"त्या फळीच्या भरवशावर मी झोपते. आज तू फळीला खोटं बोलायला लावलंस."

"मला काढून टाक."

"काढलं तर सुटशील. उद्यापासून तू फळीसमोर बसायचं. पाहुण्यांना मी फिरवीन."

"किती दिवस?"

"मी सांगेपर्यंत."

दुसऱ्या दिवशी काकू दुखरे गुडघे घेऊन पाहुण्यांबरोबर निघाली. आजोबाही गेले. भिंगरी स्टुलावर. पाय हलतोय, बोटं टेबलावर ताशा वाजवतायत. दुपारभर तिने त्या किल्ल्या शंभरदा बघितल्या. दिवे लागले तरी तीन, पाच आणि सात लटकलेल्याच. कोण कुठे अडकलं असेल? काकू बारा वर्षं रोज हेच गिळत होती की काय? पळत सुटावंसं वाटत होतं, पण मागून कोणी आलं आणि फळीसमोर कोणीच नसलं तर? ती घट्ट बसून राहिली.

कोपऱ्यावर काकूचा आवाज आला तशी ती उठून दारात आडवी झाली.

"बाजूला हो गं," काकू म्हणाली, "पाय मोडून आलेत."

"थांब," भिंगरी म्हणाली. "मोजतेय."