पंख्याला बांधलेला दादरा

मला पाण्याची भीती वाटते. धरणाच्या काठावर राहणाऱ्या बाईनं हे सांगणं म्हणजे स्वतःचं हसू करून घेणं, पण आहे ते आहे. पाणी गुडघ्याच्या वर आलं की माझा श्वास छातीतच अडकतो. आणि नवऱ्याचा धंदा कोणता, तर होडी चालवायचा.

धरण भरलं की आमच्या गावची निम्मी शेतं पलीकडच्या काठाला राहतात. सडकेनं जायचं तर केजकडून वळसा पडतो आणि अर्धा दिवस त्यातच जातो. हे आधी विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करायचे. मग त्यांच्या डोक्यात आलं की पत्र्याची होडी करून घ्यावी आणि तिला असंच एक जुनं डिझेल इंजिन बसवावं. मी पुष्कळ डोकं आपटलं, उपयोग शून्य. इंजिनातून एक लोखंडी दांडा मागं पाण्यात जातो, त्याच्या टोकाला पितळी पंखा. पंखा फिरला की होडी चालते. इतकं सगळं मी शिकले ते हौसेनं नाही, धास्तीनं शिकले.

होडी इतकी जड की ती रोज ओढून वर घेता येत नाही. पंखा रात्रंदिवस पाण्यातच. पहिल्या वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही, पण हळूहळू पंख्यावर बुळबुळीत शेवाळ धरलं, शेवाळावर बारक्या गोगलगाई चिकटल्या. होडी रेंगाळायला लागली, इंजिन काळा धूर ओकायला लागलं. एकदा भर दुपारी वाऱ्यानं होडी आडवी सारत नेली आणि ह्यांना ती वळवता येईना. तेव्हा होडीत मी होते. त्या दिवसापासून मी होडीत पाऊल ठेवलं नाही, पण पंख्याचा ध्यास मात्र घेतला.

ह्यांनी रंग देऊन पाहिला, महिन्यात पोपडे निघाले. मग डांबर फासलं, ते एका पात्याला जाड बसलं आणि सगळी होडी थरथरायला लागली. शेवटी उपाय मला सुचला, तोही लोणचं घालताना. लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून आपण वर तेल ठेवतो आणि बरणीच्या तोंडाला फडकं बांधतो, त्याला दादरा म्हणतात. मी म्हटलं, पंख्याला ग्रीस चोपडा आणि वरून जाड फडक्याचा दादरा बांधा. अंधार आणि तेल असल्यावर शेवाळ धरेल कशाला? हे हसले. पण पंधरा दिवसांनी पंखा घासूनपुसून ठेवलेल्या तांब्यासारखा निघाला, तेव्हा हसणं बंद झालं. तेव्हापासून ते काम माझ्याकडेच आलं. होडीची मागची बाजू काठाला घेतली की तिथं मांडीएवढं पाणी असतं. संध्याकाळी मी जीव मुठीत धरून त्यात उतरायची आणि दादरा बांधायची. सकाळी सोडायचे हे.

आमचं भांडण व्हायचं ते गाठीवरून. हे म्हणायचे सुरगाठ मार, सोडायला सोपी. मी मारायची निरगाठ. एकदा सुरगाठ सुटून फडकं वाहून गेलं होतं आणि आठवड्यात पुन्हा शेवाळ आलं होतं. मला धोका नको होता. भित्र्या माणसाला एका गाठीवर झोप येत नाही.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. आदल्या संध्याकाळी वारा सुटला होता, लाटा फडक्याला हिसके देत होत्या. मी रोजच्यासारखा नायलॉनचा कासरा फडक्याच्या तोंडाभोवती आवळला. तरी मन भरेना. मग उरलेला कासरा तसाच पुढं नेला, उघड्या दांड्याला दोन वेढे दिले आणि तिथं आणखी एक निरगाठ मारली. बरणीच्या गळ्याला देतात तशी. ह्यांना सांगायचं राहिलं. राहिलं काय, मी सांगितलंच नाही. पुन्हा ऐकून घ्यावं लागलं असतं.

सकाळी आभाळ भरून आलं. पलीकडं कापून टाकलेलं सोयाबीन उघड्यावर होतं, ते झाकायला चार बाया घाईनं आल्या. त्यात आमच्या शेजारची मावशी. सत्तरीची बाई, पण कामाला सगळ्यांच्या पुढं. ह्यांनी पाण्यात वाकून गाठ सोडायला घेतली, ती भिजून दगड झालेली. मावशीनं आपला विळा दिला. ह्यांनी पाण्यात हात घालून फडक्यावरचा कासरा कापला, फडकं ओढलं, काठावर फेकलं आणि हँडल मारलं. होडी गेली.

मला अंगणवाडीत कामाला जायचं होतं. जाता जाता फडकं पिळून वाळत घालावं म्हणून उचललं. कासऱ्याचा तुकडा त्याला लोंबत होता. तो दीड हात होता. मी बांधायची तो कासरा चार हातांचा. काठावर पाहिलं, चिखलात पाय फिरवून पाहिलं, कुठंच नाही. मग एकदम दांड्यावरची विसरलेली गाठ आठवली. उरलेला अडीच हात कासरा दांड्यावर होता. पंख्याशेजारी. माझ्या गाठीसकट. दांडा फिरला की त्याचं सुटं टोक होडी आणि पंख्याच्या मधल्या फटीत ओढलं जाणार आणि दांडाच आवळून बसणार.

मी ओरडले. इंजिनाच्या आवाजात माझं ओरडणं मलाच नीट ऐकू आलं नाही. मोबाईल लावला. घंटी वाजत राहिली, पलीकडं इंजिन धडधडत असणार आणि मोबाईल शर्टाच्या खिशात. मी पुन्हा लावला, पुन्हा लावला. होडी लहान लहान होत चालली होती आणि मी वेड्यासारखी पदर हलवत होते. त्यातल्या एका बाईनं मलाही हात हलवला.

आणि आवाज बदलला. आधी इंजिन कण्हल्यासारखं झालं, मग दोनदा ठसकलं, मग बंद. धरणावर इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

होडी नुसती थांबली असती तर मी इतकी घाबरले नसते. ती थांबली नाही. वारा तिला उजवीकडं सारायला लागला, आणि उजवीकडं बुडालेल्या बाभळी आहेत. धरण व्हायच्या आधीच्या बांधावरच्या. पाणी भरलं की त्यांची वाळकी खोडं वीतभर पाण्याखाली उभी असतात, वरून काही दिसत नाही. पत्रा त्यावर गेला तर फाटतो. होडीत पाच माणसं होती, त्यात पोहता येणारं एकच. आणि ते सगळं मी माझ्या हातानं बांधून दिलं होतं.

मी चिखलात बसले. ह्यांनी शर्ट काढल्याचं दिसलं. मावशीनं काहीतरी हातात दिल्याचं दिसलं, विळाच असणार. हे होडीच्या मागं पाण्यात उतरले. डोकं दिसलं. मग दिसेना. मी मोजायला लागले आणि आकडे विसरले. डोकं वर आलं, पुन्हा गेलं. बाया होडीच्या एका बाजूला वाकून होडीतल्या काठ्यांनी पाण्यात काहीतरी ढकलत होत्या, म्हणजे बाभळी आल्या होत्या. तिसऱ्यांदा डोकं खाली गेलं आणि फार वेळ आलं नाही. मी कुणाची नव्हे, त्या कासऱ्याची विनवणी करत होते. तूट म्हणत होते त्याला.

डोकं वर आलं. बायांनी ह्यांना दंडाला धरून आत ओढलं. हँडल फिरलं, एकदा, दोनदा, आणि काळा धूर निघाला. माझ्या तोंडातून रडणं फुटलं ते तेव्हा.

होडी मागं फिरली नाही, पलीकडं गेली. सोयाबीन झाकायचं होतं ना. थोड्या वेळानं ह्यांचा फोन आला. म्हणाले काळजी करू नको, पाणगवत गुंतलं होतं पंख्यात. मागून बायांचे आवाज येत होते, गवताला शिव्या घालण्याचे. मी हूं म्हटलं आणि खाली ठेवला.

दुपारी चारला हे आले. दोन्ही हातांवर ओरखडे, कानाला चिखल. बाया घरोघर गेल्या, आम्ही दोघंच काठावर राहिलो. ह्यांनी खिशातून कासऱ्याचा गुंडाळा काढून माझ्या हातावर ठेवला. गाठ अजून शाबूत होती. मला वाटलं आता तोंडाचा पट्टा सुटणार. तो सुटला असता तर बरं झालं असतं.

"पाण्याखाली काईच दिसंना," हे म्हणाले. "हातानं चाचपलं, तर गाठ लागली. लगेच वळखली, तुजी हाय. मंग बायांना गवत म्हणून सांगितलं."

"खोटं कशाला सांगितलं?"

"मंग काय सांगायचं? उद्या होडीत कुणी बसलं असतं का? अन् गावात तुला तोंड दावू दिलं असतं का कुणी?" मग म्हणाले, "तू लई भेतीस. भेऊन भेऊन आमाला मारशील एक दिवस."

त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. थकून म्हटलं, आणि होडीतलं कोरडं फडकं काढून माझ्या हातात दिलं. पंखा उघडा राहिला तर पुन्हा शेवाळ धरणार होतं. मी पाण्यात उतरले. त्या दिवशी पाण्याचं भय वाटलं नाही, माझ्या बोटांचं वाटलं. एकच वेढा, एकच गाठ. चारदा तपासली, आणि पाचव्यांदा हात पुढं गेला तो मागं घेतला.

आता सोडायचं कामही मीच करते. फडकं आणि चार हात कासरा, दोन्ही ह्यांच्या हातात दिल्याशिवाय हँडल मारायचं नाही असं ठरलं आहे. गावात मात्र अजून गवताचंच चाललेलं असतं. चार पोरांनी मिळून तिकडचं गवत उपटूनही आणलं. मी त्यांना चहा करून दिला.

त्या प्रसंगाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी त्याच बाया पुन्हा आल्या होत्या. मी पाण्यात उभी होते, दादरा नुकताच सोडलेला. मावशीनं होडीत चढायला माझा हात धरला, घट्ट, आणि एक पाय आत टाकून म्हणाली, "काल गवतानं घात केला असता बघ. पण पंख्याला तुजा हात लागतो ना पोरी, म्हणून मी निर्धास्त बसते."

मी तिला आधार देऊन आत बसवलं. गाठीचं तिला अजून सांगितलेलं नाही.