खात नाय, लावते

आमच्या नात्यात एक गोष्ट हसत हसत सांगितली जाते. माझ्या पत्नीचा हात भाजला तेव्हा तिनं तंबाखूची सवय डॉक्टरांपासून लपवली, म्हणून जखम भरायला उशीर लागला, अशी. लग्नकार्यात ती माझ्यासमोर सांगितली गेली आहे आणि मी पानात बघत जेवत राहिलो आहे. गोष्ट खोटी आहे. लपवलं ते मी.

ती लहानपणापासून मिसरीनं दात घासायची. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि ती पूड बोटानं हिरड्यांवर घोळवत बसायचं. तिची आई, आजी, सगळ्या तेच करायच्या. तिच्या लेखी तंबाखू म्हणजे गड्यांनी चुना लावून दाढेत धरायची चीज. मिसरी हे मंजन.

छातीत दुखायला लागल्यावर मी बिडी सोडली आणि तेव्हापासून ‘आमच्या घरात तंबाखू शिरत नाही’ असं अख्ख्या गारखेड्याला ऐकवत आलो. तिची पानं मात्र शहागंजच्या बाजारातून मीच आणायचो, भाजीच्या पिशवीत तळाशी घालून. मुलगा आणि सून कामावर गेल्याशिवाय भाजू नको, हेही मीच सांगून ठेवलं होतं.

अशाच एका दुपारी तापलेला तवा सांडशीतून निसटला आणि तिच्या उजव्या हाताला मनगटाच्या वर चिकटला. मी धावलो आणि पाणी ओतायचं सोडून माझी टूथपेस्ट आणून थापली. भाजल्यावर पेस्ट लावतात, असं कुठंतरी ऐकलं होतं.

“दाताला मिसरी आन हाताला पेस्ट,” ती कळवळत म्हणाली. “लई शहाणे तुम्ही.”

दवाखान्यात ती वाळलेली पेस्ट काढताना तिला जे सोसावं लागलं, ते मी दाराशी उभं राहून पाहिलं. मुलाला मी सांगितलं, भाकरी करताना भाजलं.

त्या दवाखान्यात भाजलेल्या जखमा कशा भरतात यावर अभ्यास चालला होता. नीट समजावून, हो म्हणवून घेऊन तिलाही त्यात घेतलं. प्रत्येक खेपेला जखमेशेजारी मोजपट्टी धरून फोटो काढायचे. एक तरुण डॉक्टरीणबाई साखर, झोप, जेवण सगळं विचारायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “मावशी, तंबाखू खाता का?”

“नाय.”

मी शेजारीच बसलो होतो. तिचं उत्तर तिच्या परीनं खरं होतं. मला मात्र खरं काय ते ठाऊक होतं आणि मी छताच्या पंख्याकडं बघत बसलो.

जखम कडेनं भरत आली आणि मधे अडली. साखर ठीक, ड्रेसिंग वेळेवर, तरी तेवढा तुकडा ओलाच. अजून थोडी वाट बघू, नाहीतर मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिनं धसका घेतला. जेवण निम्म्यावर आलं. रिक्षात तिनं हळूच विचारलं, दुसरीकडची कातडी मग आपली म्हणायची व्हय? मी रिक्षावाल्याला वळण दाखवू लागलो.

त्या अभ्यासात मोठ्या माणसांचे दात आणि हिरड्याही तपासत होते. तोंडातल्या सुजेचा जखम भरण्याशी काही संबंध आहे का, ते त्यांना बघायचं होतं. तिची तपासणी झाली त्या दिवशी मुलगा सोबत होता आणि डॉक्टरीणबाईही तिथंच होत्या. दाताच्या डॉक्टरांनी हिरड्या पाहून विचारलं, दात कशानं घासता?

“मिसरीनं,” ती सरळ म्हणाली.

“मग तंबाखू नाही असं का सांगितलं?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

“तंबाखू खात नाय मी. लावते.”

कुणी रागावलं नाही. त्यांनी फक्त माझ्याकडं वळून विचारलं, “काका, तुम्हाला माहीत नव्हतं?”

मुलगा माझ्याकडं बघत होता. मी म्हणालो, “नाही बुवा.”

तिनं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला.

तंबाखूनं रक्तवाहिन्या आवळतात, जखमेला रक्त कमी पोचतं, एवढं त्यांनी समजावलं. एकट्या मिसरीमुळंच असं झालं असं सांगता येणार नाही, पण सोडून बघा, म्हणाल्या. तिनं सोडली. डोकं दुखायचं, सगळ्यांवर चिडायची, दिवसभर बडीशेप चघळायची. हळूहळू तो तुकडा गुलाबी झाला आणि मिटला. कातडी लावायची वेळ आली नाही. हलणारे दात काढले, हिरड्या साफ केल्या. आता ती भाजलेल्या शेंगा खाते. शेवटच्या खेपेला डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता आम्ही बायांना आधी दात कशानं घासता तेच विचारतो. घरी येईपर्यंत तिचा चेहरा फुललेला होता.

पण घरात ठपका तिच्यावरच राहिला. मुलगा येताजाता टोमणा मारायचा आणि ती ऐकून घ्यायची. परवाच्या रविवारी नाश्त्याला त्यानं पुन्हा तेच काढलं, तेव्हा माझ्यानं राहवलं नाही. शहागंज, पिशवी, दवाखाना, सगळं सांगितलं.

“बाबा, तुम्ही आणून द्यायचात?”

मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, “आन ती बी कसली. निम्मी देठंच असायची. पारख नाय ह्यांना.”

सुनेला हसू आवरेना. मग ती सासूजवळ जाऊन बसली आणि आम्ही उगाच तुम्हाला बोललो, म्हणाली. मुलानं बशी बाजूला सारली. मग त्यानं वैजापूरला मामाला फोन लावला आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मामाचं हसणं मला माझ्या खुर्चीपर्यंत ऐकू येत होतं. मी ऐकत बसलो. बरं वाटत होतं.