कुंडीतली अंबाडी

आता हसायचं असेल तर हसा, पण चहा आधी खाली ठेवा. माझ्यासारखा मूर्ख अख्ख्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात नाही, हे मी पुराव्यानिशी सांगणार आहे. पुरावा पोलीस ठाण्यात जमा आहे!

मी कृषी सहाय्यक म्हणून रिटायर झालो. नोकरीभर धान, धान आणि धान. आणि रिटायर झालो त्याच्या दुसऱ्या दिवसापासून मला कुणी काही विचारेना. ज्यांच्या बांधावर उभं राहून मी सल्ले दिले, ते आता "बरे आहा ना जी?" म्हणतात आणि गाडीचा वेग वाढवतात. पोराला धानाच्या रोवणीचं काही सांगायला जावं, तर तो म्हणतो, "बाबा, मोबाईलवर सगळं दिसते." फार लागायचं हो मला. घरात नुसता जेवणारा माणूस झालो होतो मी.

अशात वरच्या खोलीत भाडेकरू आला. पंकज नाव. औषधं विकायचं फिरतीचं काम, हिंदी बोलणारा, वागायला अगदी गोड. गच्चीवर त्यानं पाच कुंड्या मांडल्या. एका सकाळी मी टाकी बघायला वर गेलो, तर हा कुंड्यांपुढे उकिडवा बसलेला.

"काय झालं जी?"

"काकाजी, दो महीने हो गए, बढ़ ही नहीं रहे।"

मी वाकून पाहिलं. पंजासारखी पानं, कडेला दाते, वीतभर उंची, रंग पिवळा.

"अंबाडी लावली काय?"

इथं नीट ऐका बरं. तो माझ्याकडे बघतच राहिला. मग म्हणाला, "हौ काकाजी, अंबाडी! आपने तो देखते ही पहचान लिया!"

देखते ही पहचान लिया! एवढ्या एका वाक्यासाठी मी काहीही केलं असतं. आणि केलंच!

पहिला उपाय अर्थातच धानाचा. कुंडीत पाणी भरलं, माती कालवून चिखल केला. जन्मभर लोकांना धानाच्या बांधीत पाणी साठवायला सांगणारा माणूस, त्याला दुसरं काय सुचणार? चार दिवसांत झाडांनी माना टाकल्या. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. अहो, कुंड्यांना खाली छिद्रंच नव्हती! मुळं सडत होती बिचारी.

मग मी कंबर कसली. खिळा तापवून छिद्रं पाडली. तळाला फुटक्या कौलाचे तुकडे घातले. चिकट मातीत नाल्याची रेती आणि राईस मिलची राखड मिसळली. कुजलेलं शेणखत दिलं आणि दर आठवड्याला शेणाचं पातळ पाणी. माझी गुडघेदुखी त्या महिन्यात कुठे गेली होती कोण जाणे.

"अजी," बायको खालून ओरडायची, "घरची तुळस वाळून राहिली, अन् तुमी भाडेकरूच्या अंबाडीची बाळंतपणं करून राहिले काय?"

पण झाडं अशी उठली की विचारू नका. बघता बघता माझ्या छातीला लागली! पंकज येता-जाता पाया पडायचा. मी म्हटलं, "शेंडे खुड, भाजी कर." तर दोन्ही हात जोडून म्हणाला, "नहीं काकाजी, अभी नहीं!" किती जीव लावतो हा झाडांना, असं वाटून मला भरून आलं.

तो फिरतीवर गेला तेव्हा मीच ओंजळभर पानं तोडून आणली. बायकोनं तांदळाच्या कण्या घालून भाजी केली. पहिल्याच घासाला ती थांबली.

"आंबट काऊन नाही लागून राहिली?"

"शेणखताची आहे," मी ठणकावून सांगितलं. "खत चांगलं असलं का आंबटपणा उतरते."

बघा! अज्ञान झाकायला शास्त्र किती झटपट सापडतं! जेवून मी जो झोपलो तो दिवेलागणीला उठलो, आणि बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता एकटीच हसत होती. लग्नापासून ती एवढी हसली नव्हती. मी मनात म्हटलं, सेंद्रिय खताची ताकद!

आणि मग मी कळस केला. रिटायर सहकाऱ्यांच्या ग्रुपवर फोटो टाकला. मधे मी, दोन्ही बाजूंना झाडं, खाली मजकूर: 'कुंडीतील अंबाडी. मार्गदर्शनासाठी संपर्क साधावा.'

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात जीप. फौजदार आणि एक हवालदार. मला वाटलं, ठाण्याच्या बगिच्यासाठी मार्गदर्शन हवं असेल. मीच त्यांना गच्चीवर नेलं हो, मीच!

"झाडं कोणाची?" फौजदारांनी विचारलं.

"लावली पंकजनं. पण वाढवली मी!"

"तुम्ही?"

"मंग! आली तेव्हा वीतभर होती. माती बदलवली मी, खत माझं, पाणी माझं."

"हे तुमी राजीखुशीनं सांगून राहिले ना जी?" हवालदारानं चाचरत विचारलं.

"राजीखुशीनं! लिहून घ्या!"

त्यानं लिहून घेतलं.

"काका," फौजदार हळूच म्हणाले, "हा गांजा आहे."

आमच्या तालुक्यातल्या प्रतापगडला महाशिवरात्रीच्या यात्रेत चिलमींचा धूर मी पुष्कळ पाहिला होता. झाड मात्र कधी पाहिलं नव्हतं.

फौजदारांनी फिरतीवरच्या पंकजला तिथूनच फोन लावला. स्पीकरवर त्याचा तोच गोड आवाज आला. "साहब, मैं तो दवाई बेचता हूँ, पौधे क्या जानूँ? काकाजी खेती के साहब हैं। उन्होंने ही अंबाडी बताया।"

शब्द न् शब्द खरा! त्या एका वाक्यावर भाळून मी त्याच्या झाडांना पोटच्या पोरासारखं वाढवलं, आणि त्यानं मला असं गोड बोलून खड्ड्यात घातलं. तपास अजून चालू आहे. बायको अजून बोलत नाही.

पण खरी नामुष्की पुढेच आहे. त्या दिवशी गच्चीवरच हवालदारानं पंचनामा वाचून दाखवला: "झाडे पाच, निरोगी व सतेज, मातीचा निचरा उत्तम, निगा अत्यंत काळजीपूर्वक राखलेली दिसते."

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या गोपनीय अहवालावर साहेबांनी 'साधारण' याच्यापुढे कधी शेरा लिहिला नाही. सही करायचं सोडून मी तो कागद पुन्हा पुन्हा वाचत होतो. हवालदाराला वाटलं, मी घाबरलो. मी त्याला हळूच विचारत होतो, "याची एक झेरॉक्स मिळल काय जी?"